वाचून दाखवलंत का?

प्रचाराची रिक्षा आज सकाळी पहिल्यांदा आली. आमच्या गल्लीत ती अजून शिरली नव्हती. खालच्या रस्त्याने, उरल्यासुरल्या उसाला वळसा घालून, रेल्वे फाटकाकडे चालली होती, त्यामुळे शब्द काही कळत नव्हते. वाऱ्यावर एखादा ‘बंधू-भगिनींनो’ यायचा आणि पुन्हा नुसती घरघर. मधेच एक नाव मात्र स्वच्छ ऐकू आलं आणि चहाचा कप हातातच राहिला. शिवप्रसाद टेंभरे. आवाज त्यांचा नव्हता, कुणा भाड्याच्या निवेदकाचा होता. नाव त्यांचं होतं.

पुण्याच्या कडेला, इथे मांजरीत, थंडी गावापेक्षा जरा जास्तच पडते. मी पेठेतली बाई. जन्म तिथेच गेला, पण गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला, म्हणून लिफ्टच्या आमिषाने उतारवयात इकडे राहायला आले. इथे इमारतींच्या मधेमधे अजून थोडा ऊस शिल्लक आहे. या दिवसांत तोड चालू असते. पाचट जाळल्याचा वास सकाळी खिडकीतून आत येतो आणि काळी राख बाल्कनीत वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांवर येऊन बसते. पूर्वी मी हिवाळा ओळखायची तो पेरूंवरून, हुरड्यावरून, शाळेच्या स्नेहसंमेलनावरून. आता एक आणखी हंगाम त्यात मिसळला आहे, निवडणुकीचा. महापालिकेची निवडणूक मधे किती वर्षं झालीच नाही, लोक तिला विसरूनही गेले होते. आता आली आहे. फ्लेक्सच्या शाईचा तो गोडसर उग्र वास नाकात गेला की मी अजून खिडकी लावून घेते. पेरू मात्र मी अजून आवडीने खाते.

हे टेंभरे कोण, ते सांगायला हवं.

खडकी बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या हिंदी दैनिकाची कचेरी होती. खाली दिवसभर लष्करी गणवेश शिवले जायचे, वर आम्ही बातम्या शिवायचो. मशीनची घरघर फरशीतून पायाला लागायची. पुण्यातून हिंदी दैनिक निघतं हे पेठेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि मी तिथे काम करते म्हटल्यावर उरलेल्यांनी “का?” एवढंच विचारलं. मी तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मुद्रितं तपासायला जाऊ लागले. टेंभरेजी तिथले मुख्य वार्ताहर. मुख्य म्हणजे एकटेच. आमचा वाचक कारखान्यातल्या वसाहतीत, स्टेशनच्या बाकांवर आणि नव्या बांधकामांवर होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. एक जण वाचायचा आणि चार जण ऐकायचे, असा आमचा खप.

टेंभरेजी गोंदियाकडचे. घरात पोवारी, शाळेत हिंदी, बाजारात मराठी. पुण्यातली मराठी माणसं त्यांना हिंदीवाला समजायची आणि हिंदीवाले त्यांना मराठी समजायचे. “मी दोन्ही घरचा पाहुणा आहो जी,” ते म्हणायचे, “जेवण दोन्हीकडे भेटते, झोपायला जागा कुठंच नाही.” माझं आडनाव लेले. पहिल्या दिवशी ते ऐकून ते म्हणाले, “मैडम, यह नाम है कि हुक्म?” मी त्यांना नीट ओळखतही नव्हते, तरी हसले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांना एका मराठी कार्यालयाला अर्ज लिहायचा होता. माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाले, “मॅडम, मी शुद्ध मराठी लिहायची चेष्टा केली आहे. पाहून घ्या न जी.”

“अहो, मराठीची चेष्टा करायला पुण्यात माणसं कमी आहेत का?” मी म्हटलं.

त्यांना काही कळेना. मग मी त्यांना सांगितलं, की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल. ते इतके हसले की बशीतला चहा अर्जावर सांडला. खिशातली छोटी डायरी काढून त्यांनी तो शब्द दोन्ही अर्थांसकट लिहून घेतला. पुढे कित्येक महिने घरी जाताना जिन्यातून ओरडायचे, “मॅडम, उद्या टाइमावर यायची चेष्टा करतो!” आणि खालचा शिंपीही हसायचा, त्याला काहीच कळलेलं नसताना.

पण त्यांची जी गोष्ट मला खरी मोठी वाटायची, ती वेगळीच होती. ज्याच्याबद्दल बातमी लिहिली असेल त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, ही त्यांची पद्धत. जिसकी खबर है, पहला पाठक वही, असं ते म्हणायचे. फोनवर नाही, समोर बसून. कारखान्यातून निवृत्त झालेला कुणी पेन्शनसाठी खेटे घालतोय, कुणाची हातगाडी उचलून नेली आहे, कुणाच्या मुलीला शाळेत प्रवेश नाकारला आहे. हे लिहून आणायचे, मी शुद्धलेखन बघायची, मग तो कागद घेऊन पुन्हा त्या माणसाकडे जायचे. मोठ्याने, सावकाश वाचायचे आणि शेवटी विचारायचे, “सही लिखा है?” तो माणूस नाही म्हणाला तर तिथल्या तिथे खोडायचे. बातमीला उशीर व्हायचा. मालक वैतागायचे. कधी कधी बातमी शिळी होऊन पडायची. पण टेंभरेजींनी ते सोडलं नाही. मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेले आहे. ऐकणाऱ्याचा चेहरा मला आठवतो. स्वतःचं नाव कागदावरून ऐकताना माणूस जरा ताठ बसतो. मी तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओतली, पण ‘बरोबर लिहिलंय का रे मी?’ असं एकाही मुलाला विचारलं नव्हतं. त्या माणसाबद्दल मला आदर वाटायचा. नुसता आदर नाही, मला त्यांचा अभिमान वाटायचा, जसा शाळेत एखाद्या विद्यार्थ्याचा वाटतो तसा.

मग ते मांजरीचं प्रकरण झालं. मी आता जिथे राहते तिथून चार मिनिटांवर एक अकरा मजली इमारत आहे. तेव्हा तिचे पाचच मजले झाले होते. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी दुपारी तिची परांची कोसळली. त्यात सुकलाल नावाचा एक मजूर गेला. बालाघाटकडचा, म्हणजे टेंभरेजींच्या गावापासून फार लांब नाही. त्याची बायको रामकली त्याच इमारतीवर खाली विटा वाहत होती. तिने वर पाहिलं तेव्हा तो हवेत होता, असं ती एकदाच म्हणाली, पुन्हा कधी नाही. बिल्डरच्या माणसाने पोलिसांना सांगितलं की सुकलाल दारू पिऊन वर चढला होता. पेपरांत तेवढंच आलं, चार ओळी. ‘मद्यधुंद मजुराचा पडून मृत्यू.’

टेंभरेजी तिच्याकडे गेले. नंतर छापण्याआधी वाचून दाखवायला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. उसाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. थंडीत पत्रा असा गार पडतो की टेकून बसवत नाही, म्हणून सगळ्या बायका अंगणात उन्हाला बसल्या होत्या. रामकलीच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी उसाचं कांडं चोखत होती. टेंभरेजी समोर उकिडवे बसले आणि वाचू लागले. दोर सडलेला होता, फळ्यांना खिळे नव्हते, मजुरांनी दोनदा सांगूनही कुणी लक्ष दिलं नव्हतं. ती मान हलवत होती. मग ते वाक्य आलं: “मृतक ने शराब नहीं पी थी। उस दिन सोमवार था और उसका व्रत था।”

“फिर से पढ़िए,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.

“सही लिखा है?”

“सही लिखा है।” मग जरा थांबून ती म्हणाली, “भैया, यही बात कोरट में भी लिखवा देना। सोमवार वाली।”

तिने एवढंच मागितलं. मला वाटत होतं ती भरपाईबद्दल विचारेल, राहायच्या जागेबद्दल विचारेल. तिला हवं होतं ते एक वाक्य. आपला माणूस दारुडा म्हणून मेला नाही, हे कुठल्या तरी पक्क्या कागदावर असावं. मुलगी मोठी झाली की तिला दाखवता यावं. टेंभरेजींनी तिला शब्द दिला. मी साक्षीला होते.

ती बातमी गाजली, रामकलीची तक्रार नोंदली गेली, खटला उभा राहिला. मग दुसरी आली, तिसरी आली. आमचं दैनिक पहिल्यांदाच मराठी पेपरांच्या कचेऱ्यांत मागवलं जाऊ लागलं. आणि त्याच हिवाळ्यात निवडणूक होती. या भागात बाहेरून आलेल्यांची मतं आता मोजण्याइतकी झाली होती, त्यामुळे राजकारणातली माणसं शिंप्याच्या दुकानावरचा तो अरुंद जिना चढून आमच्याकडे यायला लागली. टेंभरेजींना उमेदवारी मिळाली. त्यांनी मला विचारलं, “जाऊ का जी?” मी म्हटलं, “जा. तुमच्यासारखी माणसं नाही गेली तर कोण जाणार?” हे वाक्य मी त्या दिवसांत खूप जणांना ऐकवलं. तेव्हा मला ते अगदी खरं वाटत होतं.

तो हंगाम माझ्या अंगात अजून आहे. सकाळी गार पडलेले हात चोळत मी त्यांची पत्रकं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘करा’ आणि ‘करावे’. गूळ घातलेला चहा, शेजारी कुणाच्या तरी शेतावरून आलेला हुरडा, शाईने काळी झालेली माझी बोटं. बासष्टाव्या वर्षी मला वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदाच माझी लाल शाई कामाला येते आहे. मी फार आनंदात होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मांजरीतल्या कोपरा सभेचं भाषणही मीच तपासलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘सुकलालला न्याय मिळाला नाही, तर मी इस्तीफा देईन.’ मी इस्तीफा खोडला आणि वर लिहिलं, राजीनामा. “मराठी सभेत इस्तीफा उपरा वाटतो,” मी म्हटलं. “राजीनामा म्हणा, भारदस्त आहे.” त्यांनी कागद हातात घेतला आणि त्या शब्दाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसले. “राजीनामा. ठीक आहे न जी, राजीनामा.” मला वाटलं, शब्द पाठ करत आहेत.

सभा संध्याकाळी सहाची होती. थंडी वाढत होती, लोक मफलर गुंडाळून उभे होते, मागे उसाच्या बैलगाड्या जायला वाट मागत होत्या. रामकली अगदी पुढे उभी होती, मुलगी कडेवर. टेंभरेजींनी ते वाक्य आवाज चढवून म्हटलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. रामकलीने हात जोडले.

ते निवडून आले. गुलाल माझ्याही केसांत गेला, दोन दिवस निघाला नाही.

पुढचे आठ-नऊ महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही, कारण काही घडलंच नाही. ते कचेरीत यायचे बंद झाले, ते साहजिक होतं. फोन उचलत, मग कमी उचलू लागले, तेही मी साहजिक मानलं. त्यांची खुर्ची काही दिवस रिकामी राहिली, मग तिच्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे आले. आणि एका दुपारी रामकलीचा फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होती, मागे विटा उतरवल्याचा आवाज होता.

“मैडम, टेंभरेजी ने राजीनामा कर दिया।”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दिला! माणसाने शब्द पाळला! न्याय मिळत नाही म्हटल्यावर नगरसेवकपद भिरकावून दिलं! मी तिला आणखी काही विचारलंही नाही. “बहुत अच्छा किया,” म्हटलं आणि फोन ठेवला. वाटेत अर्धा किलो पेढे घेतले, बस पकडली, आणि त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं तिथे आवराआवर चालली असेल, बोर्ड उतरवला असेल. बोर्ड होता. उलट जरा मोठा झाला होता. टेंभरेजी काचेच्या टेबलामागे बसले होते आणि दोन-तीन माणसं पुढ्यात फायली धरून होती.

“अभिनंदन,” मी म्हटलं. “दिलात ना राजीनामा! मला तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.”

फायलीवाली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. टेंभरेजींनी त्यांना बाहेर पाठवलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि मला बसायला सांगून ते हळूच म्हणाले, “लेले मैडम, हमारे उधर राजीनामा मतलब समझौता। दोनों पार्टी राज़ी, हो गया राजीनामा। कोर्ट-कचहरी में यही बोलते हैं। आप तो हिंदी पढ़ाती थीं।”

तीस वर्षं शिकवली. क्रमिक पुस्तकात हा अर्थ नव्हता. पुस्तकातली हिंदी मला येत होती, बालाघाटच्या कोर्टाच्या ओट्यावरची येत नव्हती, आणि तरी मला वाटायचं की मला हिंदी येते.

“म्हणजे तुम्ही तिला तडजोड करायला लावली?”

“भाषणात काय बोललो होतो मी?” आता ते मराठीत बोलत होते, आवाज न चढवता. “राजीनामा म्हटलं होतं. राजीनामा झाला. आणि शब्द तर तुमचाच होता न जी, मी इस्तीफा लिहून आणलं होतं.”

ते हसले नाहीत, हे कबूल करायला हवं. उलट थकलेले दिसत होते. मग ते बराच वेळ बोलत राहिले. खटला वीस वर्षं चालेल. साक्षीदार मजूर, एक इथे तर दुसरा सुरतेला. बाई एकटी, पोर लहान. बिल्डरने पैसे दिले आहेत, इमारत झाली की तिथेच झाडलोटीचं कायमचं काम देणार आहे. “मी तिचं वाईट केलं काय? सांगा तुम्ही. तुमचा तो न्याय घेऊन ती काय खाणार होती?” यातलं एकही वाक्य लाल शाईने खोडण्यासारखं नव्हतं. आजही नाही. मी फक्त एक विचारलं.

“तिला वाचून दाखवलंत का?”

टेंभरेजींनी टेबलावरचा फोन उचलला आणि बघू लागले. तो वाजला नव्हता.

पेढ्यांचा पुडा मी तिथेच विसरले. की ठेवून आले, आता आठवत नाही.

दैनिक पुढे दीड-दोन वर्षांत बंद पडलं. शिंपी अजून आहे म्हणतात. टेंभरेजींनी मधे पक्ष बदलला, मग बदललेला पक्षही फुटला, तेव्हा त्यातला एक भाग निवडला. त्यांचे फोटो मला फ्लेक्सवर दिसत राहिले. वाढदिवसाचे, सणांचे, कुणाच्या तरी निधनाचे. चेहरा दर वर्षी थोडा गोरा होत गेला. डायरी ठेवायचा तो खिसा आता पांढऱ्या जाकिटाखाली झाकला आहे.

आणि मी इथे आले. योगायोग म्हणा किंवा शिक्षा म्हणा. मराठी अर्थाने म्हणते आहे, हिंदी अर्थाने ती मी आयुष्यभर दिली. रामकली खरोखरच त्या इमारतीत झाडते. अकरा मजले, जिना वरून खाली. पाचव्या मजल्यावर ती थांबते की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. ते काम आटोपून सकाळी नऊला ती माझ्याकडे भांड्यांना येते. मी तिला शोधलं नव्हतं, आमच्या इमारतीत कुणाकडे तरी कामाला आली असताना तिनेच मला लिफ्टपाशी ओळखलं. “अरे, अखबार वाली मैडम!” तिला मला भेटून आनंद झाला होता. मला झाला की नाही ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं ती रोज माझ्या स्वयंपाकघरात उभी राहते, आणि इतकी वर्षं मी तिला तो कागद दाखव असं म्हटलं नाही. त्यात काय असेल याचा मला अंदाज होता आणि मी घाबरत होते. टेंभरेजींना वाचून दाखवलंत का म्हणून विचारणारी मी, मीही तिला काही वाचून दाखवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तो कागद आपणहून आला. मुलगी आता मोठी झाली आहे, तिच्या शाळेला वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. रामकलीने प्लास्टिकच्या पिशवीतले सगळे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर ओतले. रेशनकार्ड, दाखला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. आणि चार घड्या घातलेला मुद्रांकाचा एक कागद, खाली निळा अंगठा.

“यह राजीनामा है,” ती म्हणाली. “संभाल के रखा है। मैडम, इसमें सोमवार लिखा है ना?”

मी चष्मा पुसला. दोनदा पुसला. शुद्ध सरकारी मराठी होती, एकही चूक नव्हती. माझे पती सुकलाल हे घटनेच्या दिवशी नशेत होते. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन पडले. यापूर्वी मी दिलेली तक्रार गैरसमजातून दिली होती. वाचून पाहिले, समजून घेतले, बरोबर आहे.

खोटं बोलावंसं वाटलं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं, हो, लिहिलंय सोमवार. तिला कधीच कळलं नसतं. पण तिची मुलगी मराठी शाळेत जाते. आज ना उद्या ती हा कागद उघडणार आणि वडिलांना त्यात भेटणार. म्हणून मी वाचलं, एकेक ओळ, तिच्या भाषेत करून, सावकाश. टेंभरेजींसारखं. ओट्याला टेकून ती ऐकत होती, हाताला साबण तसाच होता. वाचून झाल्यावर मला त्यांच्यासारखा शेवटचा प्रश्न विचारता आला नाही. तिनेच न विचारता उत्तर दिलं.

“यह तो गलत लिखा है।”

नळ टपकत होता, तो तिने बंद केला.

“भाषण में बोले थे, न्याय नहीं मिला तो राजीनामा। हमने सोचा, चलो, जो बोले वो कर रहे हैं। हम पूछे थे, भैया, इसमें सोमवार वाली बात है ना? बोले, मैं हूँ ना।” मग म्हणाली, “उन्होंने भी पढ़ा नहीं होगा, मैडम। पढ़ते तो ऐसा लिखने नहीं देते।”

भाषणातला तो शब्द माझा होता, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि “अच्छा” म्हणाली. बास, एवढंच. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. कागद तिने पुन्हा चार घड्या घालून पिशवीत ठेवला. तो कुणाला दाखवायचा, आता काही होईल का, हे मी दोन वकिलांना विचारून आले आहे. दोघांनीही तारीख पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

आज रिक्षा आली ती अशी, या सगळ्यावर. नऊ वाजता रामकली आली तेव्हा तिच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होतं. फाटकापाशी वाटत होते म्हणाली. वर टेंभरेजींचा हात जोडलेला फोटो, खाली त्यांची सही. ती सही मी ओळखते, बातमीच्या कागदावर तशीच असायची.

“पढ़िए ना मैडम, क्या लिखा है।”

मी वाचू लागले. पाणी, रस्ते, दिवे. कुणीतरी हिंदीत लिहून यंत्राकडून मराठी करून घेतलेलं दिसत होतं, वाक्यं जागोजागी लंगडत होती. आणि मधोमध, मोठ्या ठळक अक्षरांत: ‘इतकी वर्षे मी आपल्या सेवेची प्रामाणिकपणे चेष्टा केली आहे.’

मी थांबले. शिंप्याच्या दुकानावरची ती दुपार आठवली, बशीतून सांडलेला चहा, डायरीत दोन्ही अर्थांसकट लिहून घेतलेला शब्द. ज्या माणसाला हा शब्द आयुष्यात पुन्हा चुकणं शक्य नव्हतं, त्याच्या सहीवर तो छापला गेला होता. स्वतःच्या नावाचा कागदही त्यांनी वाचला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून लोक कशाला हसत होते ते आता कळलं. मला रडू आलं, आणि का ते रामकलीला सांगता येईना.

“क्या हुआ? ठीक तो बोला है,” ती म्हणाली. “सेवा की चेष्टा की। कोशिश की, यही ना?”

एकदा तिचा शब्द मी माझ्या भाषेत ऐकला होता आणि पेढे घेऊन धावले होते. या वेळी मी तिला अर्थ सांगितला. म्हटलं, हिंदीत कोशिश खरी, पण मराठीत चेष्टा म्हणजे मज़ाक. कुणाची तरी खिल्ली उडवणं. मराठीत याचा अर्थ असा होतो, की इतकी वर्षं मी तुमच्या सेवेची थट्टा केली.

रामकलीने पत्रक माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नसतानाही त्या ठळक ओळीवरून तिने ओला अंगठा सावकाश फिरवला, शाई जरा फिसकटली. खाली रिक्षा आता आमच्या गल्लीत शिरत होती.

“तब तो,” ती म्हणाली, “मराठी में सही लिखा है।”